अंगावर काढलेले दुखणे

‘दुखणे अंगावर काढणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो आणि तो बहुतेक वेळा घरातल्या बाईबद्दलच असतो. पेरणी उरकू दे, धाकट्याची परीक्षा होऊ दे, लग्नाचे पाहुणे जाऊ देत, मग दवाखान्याचे बघू, असे म्हणता म्हणता महिने उलटतात. सर्दी-पडसे असे अंगावर काढले तर फारसे बिघडत नाही. कर्करोगाच्या बाबतीत मात्र हे ‘मग बघू’ फार महाग पडते.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग घ्या. खेड्यापाड्यांत त्याला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात. हा रोग एका रात्रीत उद्भवत नाही. गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये आधी किरकोळ बदल होतात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. या अवधीत ते बदल सापडले, तर छोट्याशा उपचाराने पुढचे संकट टळते. इतकी सवलत देणारे कर्करोग फार थोडे. असे असूनही २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या.

मग कमी काय पडते? माहिती कमी पडते, हे उत्तर चटकन सुचते आणि ते खोटेही नाही. म्हणून भित्तिपत्रके लागतात, जागतिक कर्करोग दिनी भाषणे होतात, शिबिरे भरतात. पण दवाखान्याच्या भिंतीवरचे पत्रक वाचायला बाई आधी दवाखान्यात यावी लागते. ती का येत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्याचे मोठे प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाले आहेत, याची मात्र आपल्यापैकी अनेकांना कल्पना नसते.

बार्शीचा धडा

कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंदणी आपल्या देशात प्रथम मुंबईत, १९६३ साली सुरू झाली. एखाद्या भागात दरवर्षी कोणाला, कोणत्या अवयवाचा कर्करोग होतो आणि तो कोणत्या टप्प्यावर सापडतो, याचा हिशेब ठेवणे हे या नोंदणीचे काम. शहरात ते तुलनेने सोपे असते. रुग्णालयांचे कागद तपासले, प्रयोगशाळांचे अहवाल पाहिले, मृत्यूचे दाखले चाळले, की बरेचसे हाती लागते. पण ज्या गावात डॉक्टरच नाही, मृत्यूचे कारण कुणी लिहून ठेवत नाही आणि रुग्ण घरातल्या घरात झिजून जातो, तिथली नोंद कशी व्हायची?

भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील भूम व परंडा, अशा तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी या कामात होते. कागद गावात नव्हतेच, तेव्हा माणसांनाच गावात जावे लागले. कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. गावातल्या जाणत्या मंडळींना भेटायचे, लोकांना एकत्र बसवायचे, कोणती लक्षणे दिसली तर हयगय करू नये ते समजावून सांगायचे आणि ज्याच्याबद्दल शंका वाटेल त्याला तपासणीसाठी रुग्णालयात यायला राजी करायचे, असा हा क्रम होता.

नोंदणीवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. या दुष्काळी पट्ट्यातल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. आकडे गोळा करायला म्हणून गेलेली माणसे बोलता बोलता शिकवूनही येत होती आणि त्याचा परिणाम आकड्यांत दिसू लागला. लवकरच्या टप्प्यावर निदान होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषधही निघाले नव्हते. लोकांना कळले आणि ते थोडे आधी आले, इतकेच घडले. १९९५ मध्ये हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या कामात भाषेचा भाग मोठा होता. ‘रक्तस्राव’, ‘श्वेतप्रदर’ हे शब्द पुस्तकात शोभतात. गावातली बाई ‘अंगावर पांढरे जाते’, ‘पाळी गेली तरी मधूनच लाल दिसते’ असे सांगते, आणि तेही नवऱ्याला किंवा सासूला नव्हे, तर जिवाभावाच्या मैत्रिणीला, हलक्या आवाजात. तिच्याशी बोलणाऱ्या कार्यकर्तीला हेच शब्द वापरता आले पाहिजेत, आणि ऐकून घ्यायला वेळही असला पाहिजे.

व्हिनेगरचा बोळा

खेड्यात जे अंतराने दुरावते, ते शहरात गर्दीने दुरावते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांपासून परळचे टाटा स्मारक रुग्णालय काही मैलांवर असते, पण तिथल्या बाईला ते परदेशाइतके लांब वाटते. एकाच गल्लीत कोकणातले, देशावरचे, उत्तर प्रदेशातले, दक्षिणेकडचे, हिंदू, मुसलमान, बौद्ध अशी कुटुंबे राहतात. प्रत्येकाची भाषा, पडदा आणि संकोच वेगळा.

टाटा स्मारकाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून अशा वस्त्यांमध्ये एक दीर्घ अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांतल्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा तपासणी झाली. उरलेल्या वस्त्यांना सुरुवातीला एकदा कर्करोगाची माहिती देण्यात आली.

तपासणीची पद्धत अगदी साधी होती. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असते तेच अ‍ॅसिटिक आम्ल पाण्यात सौम्य करून कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. पेशींत विकृत बदल असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. प्रयोगशाळा नको, अहवालासाठी आठ दिवसांचे हेलपाटे नकोत. तपासणी करणाऱ्याही डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या त्या आरोग्यसेविका होत्या.

२०१३ मध्ये शिकागोच्या कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली. बारा वर्षांच्या पाठपुराव्यात तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. ही पद्धत देशभर राबवली तर वर्षाला २२ हजार मृत्यू टळू शकतील, असा अंदाज संशोधकांनी मांडला.

याच स्त्रियांच्या स्तनांची तपासणीही आरोग्यसेविकांनी हातांनी केली होती. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासणी झालेल्या गटात गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तसा फायदा दिसला नाही.

या अभ्यासातले आणखी दोन आकडे पाहण्याजोगे आहेत. तपासणीला बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के स्त्रिया आल्या. पण ज्यांच्या तपासणीत शंका निघाली, त्यांच्यातल्या पुढच्या निश्चित निदानासाठी रुग्णालयात पोहोचल्या त्या सुमारे ७९ टक्के. म्हणजे दर पाचजणींतली एक वाटेतच थांबली. दुसरा आकडा उपचारांचा. कर्करोग निघालेल्यांपैकी उपचार पुरे करणाऱ्या स्त्रिया तपासणीच्या गटात सुमारे ८६ टक्के होत्या, तर एकदाच माहिती मिळालेल्या गटात ७२ टक्के. शहर तेच, वस्त्याही तशाच. एका गटाकडे ओळखीची बाई पुन्हा पुन्हा येत राहिली, दुसऱ्याला एकदा सांगून झाले. या फरकामागे इतरही कारणे असू शकतील, पण सततच्या संपर्काचा त्यात वाटा नसेल, असे म्हणणे कठीण आहे.

बावन्न गट, एक चाचणी

मुंबईत हे चालू असताना उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था मिळून दुसरा अभ्यास करत होत्या. १९९९ ते २००३ या काळात गावांच्या ५२ गटांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांची नोंद झाली. त्यांचे चार भाग केले गेले. एका भागाची तपासणी व्हिनेगरने, दुसऱ्याची पेशींच्या तपासणीने, तिसऱ्याची ह्युमन पॅपिलोमा, म्हणजेच एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीने झाली. चौथ्या भागाला नेहमीची आरोग्यसेवा मिळत राहिली.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ हा विषाणू आहे. ते दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउजन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. उस्मानाबादचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या भागात ६४. एकदाच केलेल्या इतर दोन तपासण्यांनी मृत्यूंमध्ये असा ठळक फरक पडला नाही. आज जगभर विषाणूच्या चाचणीला अग्रक्रम दिला जातो, त्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांत आपल्या मराठवाड्यातल्या शेतकरी स्त्रियांचा हा वाटा आहे.

या अभ्यासांवर पुढे गंभीर आक्षेपही घेतले गेले. तपासणी उपयोगी पडते हे पाश्चात्त्य देशांत ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातले मृत्यू मोजणे न्याय्य होते का? संमती देताना त्यांना पुरेशी कल्पना होती का? भारतात त्या वेळी तपासणीची सोय सर्वसामान्यांना कुठेच नव्हती, त्यामुळे कुणाचे काही काढून घेतले नाही, असे उत्तर संशोधकांनी दिले. हा वाद मिटलेला नाही. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य व्हावी. ज्या स्त्रियांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते पोहोचले नाही, तर तो अन्याय दुप्पट होईल.

आणि ते पुरते पोहोचलेले नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्यांचे प्रमाण होते १.९ टक्के. स्तन आणि तोंडाच्या तपासणीचे तर एक टक्काही नव्हते.

अर्धवट माहितीचा बाजार

माहिती नसणे वाईट, पण अर्धवट माहिती त्याहून वाईट. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजले. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती. पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, फडावर पाणी व शौचालयाचा अभाव, साधे जंतुसंसर्गही वर्षानुवर्षे अंगावर काढणे. पण अनेक स्त्रियांनी सांगितलेले एक कारण विशेष अस्वस्थ करणारे होते. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे त्यांना सांगण्यात आले होते.

कर्करोगाचे शिक्षण म्हणजे कर्करोगाची भीती घालणे नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. अंगावर पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गामुळे असते आणि ते औषधांनी बरे होते, हेही त्याच शिक्षणात आले पाहिजे. विषाणूबद्दलही तेच. तो शरीरसंबंधातून पसरतो, एवढेच अर्धे वाक्य घरात पोहोचले तर बाईच्या चारित्र्यावर शंका घेतली जाते. हा विषाणू इतका सर्रास आढळतो की बहुतेक विवाहित स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, शरीर बहुधा त्याला स्वतःच हुसकावून लावते आणि मोजक्याच जणींत तो ठाण मांडतो. हे उरलेले अर्धे वाक्य सांगणारे कुणी तरी हवे.

निदान झाल्यावर

तपासणी झाली, रोग निघाला, की कुटुंबाची दुसरी परीक्षा सुरू होते. परळला टाटा स्मारकाच्या आसपास पाहिले तर ती डोळ्यांना दिसते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे, हातात कागदांची पिशवी, बोलायला अनोळखी भाषा, राहायला जागा नाही. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा अशांना आसरा देतात. भारतीय कर्करोग संस्था १९५१ पासून, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून आणि व्ही केअर १९९४ पासून रुग्णांना आधार देत आल्या आहेत. रोगातून बरा झालेला माणूस नव्या रुग्णाच्या शेजारी बसून ‘केस पुन्हा येतात हो’ असे सांगतो, तेव्हा त्याचे वजन डॉक्टरांच्या शब्दाहून निराळे असते.

बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णांचे काय, याचे उत्तर केरळने शोधले. कोळिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमनाचे काम सुरू झाले आणि पुढे मलप्पुरम भागात ते शेजारपाजाऱ्यांनीच हाती घेतले. गल्लीतलेच स्वयंसेवक प्रशिक्षण घेतात, लोक थोडे थोडे पैसे जमवतात, परिचारिका घरी येऊन जखम धुते, मळमळ आणि वेदना कमी करते. घरात शिजवायला धान्य आहे का, हेही त्याच फेरीत पाहिले जाते. आपल्याकडे पुण्यात वारज्याला १९९७ पासून अशा रुग्णांसाठी केंद्र आहे. पण गावागावात, गल्लीगल्लीत असे जाळे विणण्याचे काम महाराष्ट्रात अजून व्हायचे आहे.

उंबरठा ओलांडण्यासाठी

२०१६ पासून सरकारी धोरणानुसार तिशीपुढच्या सर्व स्त्री-पुरुषांची तोंडाच्या आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हायला हवी. घरोघरी जाऊन प्राथमिक प्रश्नावली भरण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे आहे. बार्शीने आणि मुंबईच्या वस्त्यांनी जे सिद्ध केले, ते तिच्याच रूपाने आज प्रत्येक गावात उभे आहे. पण तिच्याकडे लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग आणि असंख्य नोंदवह्या आहेत. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले होते. ज्या बाईच्या शब्दावर गावाचे आरोग्य अवलंबून, तिचाच हिशेब आपण इतका काटकसरीने मांडतो. शिवाय तिने शंका कळवली तर पुढे तपासणारी परिचारिका, निदान करणारा डॉक्टर आणि तालुक्याहून जिल्ह्याला नेणारे वाहन नसेल, तर तिचे शब्द वाया जातात. पाचातली एक वाटेत गळते, ती तिथेच.

काही गोष्टी आता सोप्याही झाल्या आहेत. विषाणूच्या चाचणीसाठी नमुना स्त्री स्वतःच घेऊ शकते, त्यामुळे संकोचाचा मोठा अडसर दूर होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली. वयात येण्याच्या सुमारास मुलींना ती देणे सर्वांत हिताचे. कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो.

राहिले घर. या रविवारी जेवणे आटोपल्यावर घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारावा. तुझी तपासणी कधी झाली? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, स्तनातली न दुखणारी गाठ, तोंडातला दोन-तीन आठवडे न भरणारा चट्टा, यांतले काहीही असेल तर ‘मग बघू’ म्हणू नये. मिश्री लावणारी आजी आणि खिशात तंबाखूची पुडी बाळगणारे आजोबा यांनी आरशासमोर तोंड उघडून गाल, जीभ आणि जिभेखाली नीट पाहावे. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण मिश्रीची डबी अजून बऱ्याच घरांतल्या कोनाड्यात आहे.

आणि बाई तपासणीला निघाली, की तिच्यासोबत कुणी तरी जावे. स्वयंपाक कोण करील, मुलांना शाळेतून कोण आणील, याची व्यवस्था तिने न करता दुसऱ्याने करावी. दुखणे अंगावर काढण्याची सवय तिला आपणच लावली आहे. ती मोडायला मदत करणे हेही आपलेच काम आहे.